दोन तासात सगळं बघून झालं? मग या वेळी चारच घरं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सुट्टीतला एक दिवस लिव्हिंग हिस्टरी म्युझियमला, म्हणजे जिथे जुन्या घरांत माणसं त्या काळची कामं करून दाखवतात अशा म्युझियमला, द्यायचा की नाही. सोबत 6 आणि 11 वर्षांची मुलं आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. मागे एकदा अशाच ठिकाणी गेला होतात, तेव्हा दोन तासात सगळं बघून झालं, मुलं "आता पुढे काय?" करायला लागली आणि जुनी घरं आणि जुन्या काळचे कपडे घातलेली माणसं यात एवढं बघण्यासारखं काय ते कळलंच नाही. म्हणून आता विचारताय की परत जावं का, आणि गेलो तर किती वेळ धरावा.

मी अशा एका म्युझियममध्ये 14 वर्षं काम केलंय, पहिली काही वर्षं चुलीपाशी आणि नंतर शाळांच्या ग्रुपबरोबर, त्यामुळे तुमच्यासारखी फॅमिली मी रोज बघितली आहे, आणि खरं सांगते, तुमचं काही चुकलं नव्हतं, तुम्हाला आत शिरताना कोणी नीट सांगितलंच नव्हतं की हे प्रकरण वेगळं असतं. जरूर जा. पण वेळ किती हा प्रश्न नंतरचा आहे, आधी त्या दोन तासात काय झालं ते बघू.

नेहमीच्या म्युझियममध्ये काय असतं, काचेत वस्तू, खाली पाटी, आपण पाटी वाचतो आणि पुढे सरकतो. ही सवय इतकी अंगात मुरलेली असते की लिव्हिंग हिस्टरी म्युझियममध्येही आपण तेच करतो, घराच्या दारात उभं राहतो, आत डोकावतो, पाटी शोधतो, पाटी सापडत नाही, फोटो काढतो, पुढचं घर. आता गंमत बघा, इथे पाट्या मुद्दामच कमी ठेवलेल्या असतात कारण पाटीचं काम त्या घरात बसलेल्या माणसाला दिलेलं असतं. तो माणूस म्हणजेच पाटी. त्याच्याशी बोलला नाहीत तर तुम्ही एक बिनपाटीचं म्युझियम बघून बाहेर पडलात असं होतं, आणि मग कंटाळा येणारच, मोठ्यांनाही येतो.

ही कल्पना मुळात आलीच याच्यातून. स्टॉकहोमला 1891 मध्ये आर्टुर हाझेलियस यांनी स्कान्सेन सुरू केलं तेव्हा स्वीडनमध्ये कारखाने वाढत होते आणि खेड्यातलं जुनं जगणं डोळ्यादेखत संपत होतं. त्यांनी देशभरातून घरं उचलून आणून एका टेकडीवर परत उभी केली, पण नुसती घरं ठेवली असती तर ती रिकामी खोकी झाली असती, म्हणून त्यात माणसं आणली, जनावरं आणली, वाद्यं आणि नाच आणला. पुढे जगभर हेच मॉडेल पसरलं, पोलिश आणि हंगेरियन भाषांत तर अशा कुठल्याही म्युझियमला सरळ स्कान्सेनच म्हणतात. तर घर हे फक्त निमित्त आहे, बघायचं असतं ते त्यातलं काम.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते, कारण सगळी म्युझियम सारखी नसतात आणि तुम्ही कुठलं ठरवलंय ते लिहिलेलं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे तिथली माणसं कुठल्या काळात राहून बोलतात. काही ठिकाणी ती पूर्ण भूमिकेत असतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये प्लिमथ पटक्सेट आहे, तिथल्या सतराव्या शतकातल्या इंग्लिश वस्तीत बाई तुमच्याशी त्या काळची बाई म्हणूनच बोलते, तिला मोबाइल म्हणजे काय ते कळत नाही आणि पुढे काय होणार आहे हेही तिला माहीत नसतं. त्याच म्युझियममध्ये तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीवर मात्र पारंपरिक कपड्यातले नेटिव्ह लोक आजचे लोक म्हणून बोलतात, स्वतःच्या आजच्या समाजाबद्दलही सांगतात. एकाच तिकिटात दोन पद्धती, आणि ज्याला हा फरक माहीत नाही तो दोन्हीकडे गोंधळतो. त्याच राज्यात ओल्ड स्टरब्रिज व्हिलेज आहे, 1830 च्या दशकातलं खेडं, तिथे कपडे जुने पण बोलणं बहुतेक आजचंच, "तेव्हा लोक असं करायचे" असं. आणि फ्रान्समध्ये गेडलों आहे तिथे तर 1997 पासून तेराव्या शतकातल्या पद्धतीने अख्खा किल्लाच बांधतायत, दगड फोडणं, दोर वळणं, मोठ्या चाकात माणसाने चालून दगड वर चढवणं, सगळं हाताने, आणि काम करणारे लोक आजचे कारागीर म्हणून काय करतोय ते समजावतात.

ओळखायचं कसं? एकदम प्रश्न टाकू नका, दोन मिनिटं नुसतं ऐका. "मी", "आमच्याकडे", "यंदा" असं बोलत असेल तर ती व्यक्ती भूमिकेत आहे, तिच्याशी पाहुण्यासारखं बोला, "यंदा पीक कसंय", "एवढ्या लांब बोटीने आलात तर सोबत काय आणलंत". "त्या काळात लोक" असं बोलत असेल तर मग काहीही विचारा, तारखा, पुरावे, तुम्हाला हे कसं कळलं, काहीही. मुलांना हे आधी सांगून ठेवा, भूमिकेतला माणूस त्यांना फार आवडतो पण पहिल्यांदा बुजतात.

दुसरं, सीझन आणि वार. ऑफ सीझनला बऱ्याच ठिकाणी घरं उघडी असतात पण भट्टी बंद, चूल थंड, शेतावर कोणी नाही. अशा दिवशी जाऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. आदल्या दिवशी फोन करून एवढंच विचारायचं की उद्या कुठली कुठली कामं चालू असणार आहेत. किती घरं उघडी आहेत हे विचारून काही फायदा नाही. तिसरं अंतर. इंग्लंडमधलं बीमिश 350 एकरांच्या आसपास आहे, तिथे जुन्या ट्राम आणि बस फिरतात म्हणून जमतं, पण सगळीकडे तशी सोय नसते आणि सासूबाईंच्या दृष्टीने हा मुद्दा मोठा आहे, त्याबद्दल खाली लिहिते.

आता मूळ सल्ला. स्टरब्रिजमध्ये 40 हून जास्त इमारती आहेत, प्रत्येकीला 5 मिनिटं दिली तरी चालण्याचा वेळ सोडून 3 तास 20 मिनिटं होतात आणि हातात काही राहत नाही. त्याऐवजी चार जागा निवडा आणि प्रत्येक ठिकाणी कमीत कमी 25 मिनिटं थांबा, एक काम सुरू होताना बघा आणि ते संपेपर्यंत हलू नका. हे ऐकायला सोपं वाटतं पण पाचव्या मिनिटाला पाय आपोआप दाराकडे वळतात, तिथे थांबायचं असतं.

लोहाराचं उदाहरण घेते कारण लोहार जवळपास सगळीकडे असतो. आत शिरलं की पहिली तक्रार, किती अंधार आहे. मुलांना तिथेच विचारा, अंधार का ठेवला असेल? कारण लोखंड किती तापलंय हे लोहार रंगावरून ओळखतो, थर्मामीटर नाही, आणि लख्ख उजेडात तो रंग दिसत नाही. काळसर लाल असताना ठोकलं तर वळत नाही, उलट चिरतं. नारिंगी, मग पिवळा, आणि पांढरं होऊन ठिणग्या उडायला लागल्या म्हणजे लोखंड जळायला लागलं, तुकडा फुकट गेला. आता साधा खिळा बघा. सळई भट्टीतून पिवळी होऊन बाहेर येते, ऐरणीवर चार ठोके, पाव वळण, परत चार ठोके, टोक निघतं. मग छिन्नीच्या धारेवर ठेवून एक खाच, टोक भोकाच्या पट्टीत खुपसायचं, सळई पिळून तोडायची, वर उरलेल्या बुंध्यावर तीन चार ठोके की डोकं तयार. पाण्यात बुडवलं की खिळा आकसतो आणि पट्टीतून टपकन खाली पडतो. चांगला हात असेल तर हे सगळं एका तापात, म्हणजे लोखंड परत काळं पडायच्या आत होतं. एक खिळा बघून निघून गेलात तर "हो, खिळा केला". पण दहा खिळे होईपर्यंत थांबलात की मुलं आपणहून मोजायला लागतात, आणि कोणीतरी विचारतंच, एका घराला किती खिळे लागत असतील?

आणि हाच तो प्रश्न, इथून इतिहास सुरू होतो. घराला हजारोंनी खिळे लागतात आणि प्रत्येक असा एकेक करून. म्हणून 1640 च्या दशकात अमेरिकेतल्या व्हर्जिनियात लोक दुसरीकडे राहायला जाताना स्वतःचं जुनं घर जाळून राखेतून खिळे वेचून न्यायचे, इतके की तिथे कायदा करावा लागला की घर जाळू नका, त्यात किती खिळे असतील त्याचा अंदाज करून तेवढे तुम्हाला देऊ. ही गोष्ट पुस्तकात वाचली तर विचित्र वाटते. दहा खिळे बघितल्यावर 11 वर्षांच्या मुलाला ती लगेच पटते, मी हे शेकडो वेळा बघितलंय, चेहराच बदलतो.

मग प्रश्न कसे विचारायचे. आम्हाला रोज सगळ्यात जास्त विचारले जाणारे दोन प्रश्न म्हणजे "ही आग खरी आहे का?" आणि "या कपड्यात गरम होत नाही का?" विचारायला हरकत काहीच नाही, प्रत्येक वेळी आम्ही मनापासूनच उत्तर देतो, पण ते उत्तर एका शब्दात संपतं. "सकाळपासून काय काय केलंत?" हा फार चांगला प्रश्न आहे. "आत्ता करताय ते बिघडलं तर काय करायचं?" हा त्याहून चांगला. आणि "हे शिकताना तुम्हाला सगळ्यात जास्त वेळ कशाला लागला?" असं विचारलंत की समोरचा माणूस खुलतोच, कारण यातले बरेच जण नुसते कपडे घालून उभे नसतात, खरे कारागीर असतात, व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्गमध्ये, म्हणजे अठराव्या शतकातलं शहर दाखवणाऱ्या म्युझियममध्ये, तर एकेका धंद्याची शिकाऊ उमेदवारी काही वर्षं चालते. मी चूल शिकत होते तेव्हा मला सगळ्यात अवघड गेलं ते भट्टीत पाव भाजणं, कारण विटांच्या भट्टीत लाकूड जाळायचं, निखारे ओढून काढायचे आणि मग आत हात घालून आकडे मोजायचे, किती आकड्यांपर्यंत हात ठेववतो त्यावरून ती तयार आहे की नाही ठरवायचं. हे मला पहिल्या वर्षात कोणीच विचारलं नाही, ज्या दिवशी एका आजोबांनी विचारलं त्या दिवशी मी त्यांच्याशी अर्धा तास बोलत होते.

मुलांबद्दल. 6 वर्षांच्या मुलाला सनावळी, राजा, युद्ध काही सांगू नका, त्याला अंगाने कळू दे. पाण्याची बादली उचलू दे, मेंढीच्या लोकरीला हात लावू दे (बोटांना तेलकट लागते, ते त्याला कायम लक्षात राहतं), हाताने करायचं काही असेल तर तिथे रांग लागली तरी थांबा. मेणबत्ती बुडवणं बऱ्याच ठिकाणी करू देतात, वात बुडवायची, बाहेर काढून थंड होऊ द्यायची, परत बुडवायची, आणि वीस-पंचवीस वेळा केल्यावर कुठे बोटाएवढी जाडी येते. रात्री दिवा लावणं म्हणजे खर्चाचं आणि कष्टाचं काम होतं हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

11 वर्षांच्या मुलाला एक धागा द्या आणि तो त्यालाच निवडू द्या. पाणी कुठून येतं आणि वापरून झालं की कुठे जातं. किंवा उजेड, खिडकी केवढी, काच आहे का, रात्री कशावर भागवायचे. किंवा कोण कुठे झोपतं. प्रत्येक घरात तोच एक प्रश्न विचारायचा. तीन घरांनंतर तो स्वतः तुलना करायला लागतो, श्रीमंताच्या घरात असं, मजुराच्या घरात असं, आणि तुम्ही बाजूला उभं राहायचं. एक मुलगी आठवते, साधारण त्याच वयाची, तिने लाजत लाजत विचारलं की रात्री संडासला कुठे जायचे. आईने लगेच दटावलं. मी म्हटलं दटावू नका, आणि तिला घेऊन मागच्या दाराने बाहेर गेले, खड्डा कुठे, विहीर कुठे, दोघांत पावलं किती, हिवाळ्यात रात्री काय करायचे, सकाळी ते भांडं कोण रिकामं करायचं. शेवटच्या प्रश्नाला ती थांबली आणि म्हणाली, म्हणजे ते काम करायला वेगळं माणूस असायचं? तो दिवसभरातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न होता. मुलांचा संडासाचा प्रश्न कधीच दाबू नका.

यावरून एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. ही ठिकाणं फार देखणी असतात, फुलं, स्वच्छ रस्ते, चुलीचा वास, आणि त्यामुळे जुना काळ गोड होता असं वाटायला लागतं. तो गोड नव्हता, निदान सगळ्यांना तरी नव्हता. विल्यम्सबर्गचं जतन 1926 मध्ये सुरू झालं, पण अठराव्या शतकात त्या शहरातली निम्म्याहून जास्त माणसं कृष्णवर्णीय होती आणि बहुतेक गुलामीत होती हे तिथे ठळकपणे दिसायला अनेक दशकं गेली. 1979 मध्ये कृष्णवर्णीय कलाकारांनी त्या माणसांच्या भूमिका करायला सुरुवात केली, आणि 1994 मध्ये माणसांच्या लिलावाचा प्रसंग करून दाखवला तेव्हा मोठा वाद झाला, विरोध करायला लोक जमले होते. मला स्वतःला वाटतं दाखवायलाच हवं होतं. तुम्ही कुठल्याही म्युझियमला जा, मोठ्या घरात गेलात की एक प्रश्न विचाराच, या घरात राबणारी माणसं कुठे झोपायची? बऱ्याचदा उत्तर म्हणून एक अरुंद जिना किंवा मागची खोली दाखवतात जी नाहीतर तुम्हाला दिसलीच नसती. 6 वर्षांच्या मुलासमोर किती बोलायचं ते तुम्ही ठरवा, पण 11 वर्षांच्याला नक्की झेपतं.

सासूबाईंचं. गेटवर आधी दोन गोष्टी विचारा, व्हीलचेअर मिळते का आणि कुठल्या घरांना पायऱ्या नाहीत. जुन्या घरांचे उंबरठे उंच, जिने उभे आणि रस्ते खडीचे किंवा दगडाचे असतात, एरवी ठणठणीत चालणारी माणसंही तिथे दमतात. त्यांना चारही ठिकाणी फिरवू नका, एका चालू स्वयंपाकघरात किंवा विणकाम चाललंय तिथे बाक बघून निवांत बसू दे. आणि त्यांना बोलतं करा. त्यांच्या वयाच्या माणसांनी यातलं काहीतरी स्वतः वापरलेलं असतं, वातीचा दिवा, हाताने चालवायचं शिवणयंत्र, काहीही. आमच्याकडे एकदा एक वयस्कर गृहस्थ गवत कापणाऱ्या आमच्या सहकाऱ्याकडे बराच वेळ बघत उभे होते, मग हळूच म्हणाले, दगड असा धरा, आणि मोठ्या कोयत्याला धार कशी लावायची ते करून दाखवलं. पातं उभं धरायचं, दगड दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, बुडापासून टोकाकडे, आवाज एकसारखा आला पाहिजे. त्यांचा नातू तोंड उघडं टाकून बघत होता. माझा सहकारी त्या दिवसापासून तशीच धार लावतो.

वेळेचं बोलायचं तर 6 वर्षांच्या मुलाबरोबर साडेपाच तासांच्या वर ताणू नका, त्यातला एक तास बसणं, खाणं, नुसतं गवतावर लोळणं. गेटवर त्या दिवशीचं वेळापत्रक घ्या आणि आधी दोनच डेमो ठरवा, बाकी मोकळं ठेवा. आत शिरल्यावर पहिल्या घरात थांबू नका, सगळी गर्दी तिथेच साचते, सरळ सगळ्यात लांबच्या टोकाला जा आणि उलटं या. शाळा चालू असतील तर सकाळी ग्रुप असतात आणि दुपारी दोन-अडीचला बसमध्ये बसून निघून जातात, त्यानंतरचा तास-दीड तास आमच्यासाठी सगळ्यात छान असायचा कारण तेव्हा माणसांशी सावकाश बोलता येतं. जमलं तर सकाळी लवकर जाण्याऐवजी 11-साडेअकराला जा आणि बंद होईपर्यंत थांबा. बूट जुने आणि बंद, टोपी, पाणी, एवढं पुरतं. कामात असलेल्या माणसाचा फोटो हवा असेल तर विचारा आणि हातातलं संपेपर्यंत थांबा, तापलेलं लोखंड घेऊन कोणाला कॅमेऱ्याकडे बघायला लावणं धोक्याचं आहे.

बंद होईपर्यंत थांबा म्हटलं त्याचं कारण वेगळं आहे. शेवटच्या वीस मिनिटांत बहुतेक लोक दुकानाकडे आणि पार्किंगकडे निघालेले असतात. तेव्हा परत त्या लोहाराकडे जा. तो भाता थांबवतो, निखारे एका बाजूला ओढतो, हत्यारं एकेक करून ठरलेल्या जागी टांगतो, दिवसभराचे खिळे एका लाकडी पेटीत टाकतो. तिकडे गाई आत घेतात, कोंबड्या कोंडतात, चुलीतली राख काढतात. हे दाखवण्यासाठी केलेलं नसतं, आगीला आणि जनावरांना खरंच आवरावं लागतं म्हणून रोज करायचं काम असतं, आणि तेव्हा मुलांनी "मदत करू का?" विचारलं तर मी तरी कधी नाही म्हटलं नाही. कोंबड्या मोजायला दोन डोळे जास्त असले की बरंच असतं, एक तरी नेहमी कुंपणाखाली राहिलेली असायची.